भाल्याच्या टप्प्यापलीकडे



आषाढाच्या दिवसांत कोंकणच्या एखाद्या बंदरावर आपण गेलां असाल, तर तेथील एक देखावा आपल्या लक्षांत राहिला असेल. होड्या वाळूवर ओढून झांवळ्यांनीं शाकारलेल्या असतात, जाळीं माळ्यावर गेलेलीं असतात, आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहत मंडळी ओटीवर गोष्टी करीत बसलेली असते. ह्या गोष्टी बहुधा घरच्या समुद्राच्या नसतात. अमक्या खडकापलीकडे, तमक्या दीपगृहाच्याहि पुढें, एका ठिकाणीं मासा असा कांहीं मिळाला होता कीं होडी बुडते कीं काय असें वाटलें, अशा त्या गोष्टी. जितका हंगाम वाईट गेलेला, तितकें तें ठिकाण दूरचें आणि तितका तेथला मासा मोठा! मीं एका खाडीकांठच्या शाळेंत पुष्कळ वर्षें मास्तरकी केली. माझ्या वर्गांत ह्या मंडळींचीं मुलें असत. त्यामुळें ह्या गोष्टी वडिलांच्या तोंडून मुलांकडे आणि मुलांच्या तोंडून माझ्याकडे अशा वाढत वाढत येत.

आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे तो कोंकणचा नाहीं, भूमध्य समुद्राचा आहे. पण त्याचें मर्म ह्या ओटीवरच्या गोष्टींतच आहे. पाण्यांत बुडी मारून भाल्यानें मासा मारणाऱ्या कांहीं हौशी माणसांचा तो इतिहास आहे. त्यांच्या घरच्या किनाऱ्यावरचा मोठा मासा थोड्याच वर्षांत कसा दिसेनासा झाला, आणि मग त्यांनीं दूरच्या समुद्रांचीं कशीं स्वप्नें पाहिलीं, हें मी आपणांस सांगणार आहें.

भाल्यानें मासा टिपणें ही विद्या कांहीं नवी नव्हे. फ्रान्समधील गुहांत रेनडिअरच्या शिंगांचे, कडेनें दांते कोरलेले फाळ सांपडले आहेत. ते सुमारें पंधरा हजार वर्षांपूर्वींचे आहेत. ईजिप्तमध्यें थीब्ज येथें मेन्ना नांवाच्या एका अधिकाऱ्याचें थडगें आहे, तें इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० च्या काळांतलें. त्याच्या भिंतीवर हे गृहस्थ बायकामुलांसह होडींत उभे राहून एकाच दमांत दोन मासे भाल्यावर घेत आहेत असें चित्र आहे. चित्रकारानें नाईलचें पाणी मध्येंच टेकडीसारखें उंच करून मासे यजमानाच्या हाताशीं आणून दिले आहेत. यजमान श्रीमंत असला म्हणजे मासाहि आपण होऊन वर येतो, हें त्या काळच्या चित्रकारालाहि ठाऊक होतें असें दिसतें.

ह्याहून खरें वर्णन पाहिजे असेल तर तें पॉलिबियस ह्या ग्रीक इतिहासकाराचें. हा इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतला. इटली आणि सिसिली ह्यांच्यामधील चिंचोळ्या समुद्रांत तलवार माशाची शिकार कशी होई, हें त्यानें लिहून ठेवलें, आणि पुढें स्ट्रेबोनें तें आपल्या भूगोलाच्या ग्रंथांत उतरून घेतलें म्हणून तें आपणांस वाचावयास मिळतें. पुष्कळ होड्यांना मिळून एक टेहळ्या उंचावर बसे. प्रत्येक होडींत दोन माणसें. एक वल्हें मारी आणि दुसरा नाळेवर भाला घेऊन उभा राही. टेहळ्यानें इशारा केला कीं होडी माशावर जाई. भाल्याचा फाळ दांत्यांचा आणि दांड्याला मुद्दाम सैल बसविलेला असे. त्याला लांब दोरी असे. मासा लागला कीं दांडा सुटून येई आणि फाळ माशाच्या अंगांत राही. मग तो थकेपर्यंत दोरी सैल सोडावयाची. दांडा समुद्रांत पडला तरी बुडत नसे, कारण तो ओक आणि पाइन अशा दोन जातींच्या लांकडांचा केलेला असे. जड भाग खालीं जाई व हलका वर तरंगे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या कोळ्यांनीं किती विचार केला होता पाहा!

पण ह्या सर्व शिकारींत माणूस पाण्याच्या वर आणि मासा पाण्याच्या खालीं. आणि पाण्याच्या वरून पाहणाऱ्याला पाणी फसवितें. चार हात खोल असलेला मासा सरळ वरून पाहिला तर तीन हातांवर आहे असें दिसतें. तिरकस पाहिला तर तो आपली जागा सोडून भलतीकडेच दिसतो. पदार्थविज्ञानाच्या तासाला मी पेल्यांतली पेन्सिल दाखवून ही गोष्ट शिकवीत असें, तेव्हां मागच्या बांकावरचीं कोळ्यांचीं पोरें गालांत हसत. त्यांना ती पेन्सिल न पाहतांहि ठाऊक होती. येथें एक गमतीचा विचार मनांत येतो. द्रौपदीच्या स्वयंवरांत अर्जुनानें पाण्यांतील प्रतिबिंब पाहून वर फिरणारा मत्स्य भेदला असें आपण कीर्तनांत ऐकतों. प्रतिबिंबांत वक्रीभवनाचा घोळ नसतो. पण खरोखरच अवघड करावयाचा असता, तर द्रुपद राजानें मासा वर न टांगतां पाण्यांत सोडावयास पाहिजे होता!

ही विद्या मला माझ्या मामानें शिकविली. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला कीं आमच्या गांवचा ओहोळ तांबड्या पाण्यानें भरून वाहूं लागे, आणि अंडीं घालण्यासाठीं मासे उलट्या प्रवाहानें वर चढत. त्याला आमच्याकडे वळगण म्हणतात. कंदील, कोयते, काठ्या घेऊन सारा गांव रात्रीं ओहोळावर लोटे. मामाजवळ एक त्रिशूळासारखा लहान भाला होता. "दिसतो तेथें मारूं नकोस रे, त्याच्या पोटाखालीं मार," असें तो मला सांगे. पहिल्या वर्षीं मीं चिखल पुष्कळ भोसकला. दुसऱ्या वर्षीं एक मरळ लागली. ती घरीं आणून आजीपुढें ठेवली, तिनें ती चिरली, तों पोट गाभोळीनें गच्च भरलेलें. आजी कांहीं बोलली नाहीं. तिनें ती गाभोळी वेगळी तळून मलाच वाढली. मीं ती आवडीनें खाल्ली, हें कबूल करतों.

पुढें चार-पांच वर्षांत ओहोळांत मासा कमी झाला. आम्हां मुलांची पक्की समजूत अशी कीं डोंगरापलीकडच्या गांवाच्या ओहोळांत मासा अजून तसाच आहे. एका रात्रीं आम्ही पांच-सहा जण कंदील घेऊन, घरीं न सांगतां, डोंगर ओलांडावयास निघालों. खिंडींत समोरून कंदील येतांना दिसले. तीं त्या गांवचीं मुलें होतीं. त्यांचा ओहोळ रिकामा झाला होता, आणि आमच्या ओहोळांत मासा तुडुंब आहे असें त्यांना कोणीं तरी सांगितलें होतें. आम्ही दोन्ही टोळ्या खिंडींत थोडा वेळ उभ्या राहिलों आणि आपापल्या घरीं परत गेलों. भूमध्य समुद्राचा हा इतिहास मीं वाचला तेव्हां मला ते समोरून येणारे कंदील आठवले, आणि म्हणूनच तो आपणांस सांगावा असें वाटलें.

आतां माणूस पाण्याखालीं कसा गेला तें पाहूं. बुडी मारणें जुनेंच. मोत्यांचे आणि स्पंजांचे पाणबुडे हजारों वर्षें बुड्या मारीत आले आहेत. अडचण होती ती डोळ्याची. आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश वांकविण्याचें मुख्य काम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर होतें, आणि तें हवेंतून प्रकाश आला तरच होतें. उघडा डोळा पाण्याला लागला कीं तें काम जवळजवळ थांबतें आणि सगळें जग धुक्यासारखें दिसूं लागतें. उपाय अगदीं साधा: डोळ्यापुढें कांच आणि कांचेच्या आंत थोडी हवा. मग पाण्यांतील वस्तु स्वच्छ दिसते. मात्र आहे त्याहून एकचतुर्थांश जवळ आणि तितक्याच मानानें मोठी दिसते. पाणबुड्या शिकाऱ्यांच्या गोष्टींत मासे इतके मोठे कां असतात, ह्याचें थोडें कारण ह्या कांचेंत आहे. बाकीचें ओटीवर आहे.

असा पाणचष्मा जपानांत आणि पॅसिफिकमधील बेटांवर पाणबुडे वापरीतच होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, आंतीबच्या आसपास, त्याचा शोक लावला तो मुख्यतः एका अमेरिकन लेखकानें. त्याचें नांव गाय गिलपॅट्रिक. हा पहिल्या महायुद्धांतला वैमानिक. पुढें एका आगबोटीच्या स्कॉटिश इंजिनियरच्या विनोदी गोष्टी लिहून त्यानें नांव मिळविलें. विमानांतला एक जुना चष्मा त्यानें घेतला, त्याचीं हवेचीं भोंकें लांबीनें बुजविलीं, वर रंग फासला आणि तो डोळ्यांवर बांधून समुद्रांत मान घातली. प्रथम त्याला वाटलें कीं आपण उंचावरून खालच्या दऱ्याखोऱ्यांवरून उडत आहोंत. वैमानिकाला असें वाटावें हें स्वाभाविकच आहे. मग हातांत भाला आला. १९३४ पासून त्यानें ह्या छंदावर लेख लिहिले आणि १९३८ सालीं 'द कम्प्लीट गॉगलर' हें पुस्तक काढलें. आयझॅक वॉल्टन ह्या इंग्रज लेखकाचें गळानें मासे धरण्यावरचें १६५३ सालचें पुस्तक प्रसिद्ध आहे. त्याच्या नांवाची ही थट्टा होती.

तेथून पुढें सामग्री झपाट्यानें सुधारत गेली. लुई द कोर्लियो ह्या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्यानें १९३३ सालीं पायांत घालावयाच्या रबरी पंखांचें पेटंट घेतलें. दोन कांचांचा चष्मा खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानें डोळ्यांत रुते. त्याच्या जागीं नाकहि झांकणारा एका कांचेचा मुखवटा आला, म्हणजे नाकांतून थोडी हवा सोडून तो दाब सारखा करतां येऊं लागला. हातानें खुपसावयाच्या भाल्याच्या जागीं रबराच्या ताणानें सुटणारा भाला आला. त्यानंतर स्प्रिंगच्या बंदुका आल्या. प्रत्येक सुधारणेबरोबर भाल्याचा टप्पा हात-दोन हात वाढला.

१९३६ च्या एका रविवारीं तूलाँजवळच्या ल मूरियाँ येथें झाक-ईव्ह कूस्तो नांवाचा आरमारांतला एक तरुण अधिकारी असाच चष्मा घालून पाण्यांत शिरला, आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली, असें त्यानें स्वतः लिहिलें आहे. त्याला ह्या नादीं लावणारा फिलिप तायीए हाहि आरमारांतलाच. तिसरा गडी फ्रेडरिक द्यूमा हा मात्र नौकरीचाकरीचा माणूस नव्हे. समुद्र हेंच त्याचें घर. ल ब्रुस्क येथें द्यूमानें एकदां पैज मारली कीं दोन तासांत दोनशें वीस पौंड मासा भाल्यानें काढून दाखवितों. त्यानें पांच बुड्या मारल्या, पंचेचाळीस ते साठ फूट खोल. प्रत्येक बुडींत एक मासा, आणि तोहि एका दमांत, श्वास रोखून. चार मोठे मेरू आणि एक ऐंशी पौंडांचा दुसरा मासा असें मिळून वजन दोनशें ऐंशी पौंड भरलें. हवेच्या नळ्या नाहींत, टांक्या नाहींत. छातींत मावेल तेवढीच हवा. तीस-पस्तीस फुटांवर पाण्याचा दाब दुप्पट होतो आणि कानांत सुया टोंचूं लागतात. द्यूमा त्याच्याहि दुप्पट खोल जात असे.

मेरू म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे, कारण ह्या साऱ्या कथेचा नायक तोच आहे. आपल्याकडे ज्याला हेकरू किंवा गोबरा म्हणतात त्याच कुळांतला हा तपकिरी, जाड ओठांचा, खडकाच्या कपारींत घर करून राहणारा मासा. त्याला आपली कपार सोडवत नाहीं, आणि त्याला कुतूहल फार. कोणी नवा प्राणी पाण्यांत आला कीं तो दारांत येऊन पाहत राही. हजारों वर्षें पाण्याखालीं माणसाइतका निरुपद्रवी प्राणी दुसरा नव्हता; तेव्हां मेरूनें त्याला भ्यावें तरी कां?

पण मासे शिकले, आणि लवकर शिकले. ही हकीकत कूस्तोनें १९५३ सालीं निघालेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' ह्या पुस्तकांत लिहिली आहे, आणि ती वाचतांना हसूंहि येतें व विचारहि पडतो. हातांत कांहीं नसलेल्या माणसाजवळ मासे येत. हातांत रबरी गुलेरीचा भाला असला कीं ते नेमके त्याच्या टप्प्याच्या वीतभर बाहेर राहत. लांब टप्प्याची बंदूक आणली तर तितकें अंतर वाढवीत. जणुं काय प्रत्येक नव्या हत्याराचें जाहिरातपत्रक त्यांनीं आधींच वाचून ठेवलें होतें! किनाऱ्यावर ह्या खेळाची सांथ पसरली. हजारों माणसें पाण्यांत मान घालूं लागलीं, स्पर्धा झाल्या, धंदेवाईक कोळी चिडले. आणि कांहीं वर्षांत जेथें मेरू दारांत बसत असत त्या कपारी रिकाम्या झाल्या. जे मेले नाहींत ते खोल गेले.

त्यांत मेरूची जात अशी कीं हानि भरून येण्यास फार वेळ लागावा. तो सावकाश वाढतो आणि पन्नास वर्षेंसुद्धां जगतो. त्याहून विलक्षण म्हणजे तो जन्मतः मादी असतो. पुष्कळ वर्षें अंडीं घातल्यावर, अंगानें मोठा झाल्यावर, त्याचा नर होतो. भालेवाला स्वाभाविकपणें सर्वांत मोठा मासा निवडतो. म्हणजे नेमके नर वेंचून जातात, आणि मागें राहिलेल्या माद्यांना जोडीदार उरत नाहीं. जाळें लहानमोठ्यांची सरमिसळ उचलतें. भाला निवड करतो. हौशी शिकारी अभिमानानें सांगत कीं आम्ही जाळेवाल्यांसारखे सरसकट मारीत नाहीं. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें, पण मेरूच्या वंशाला तेंच भोंवलें.

अशा पडत्या हंगामांतला एक दिवस डोळ्यांपुढें आणणें अवघड नाहीं. उत्तरेकडून मिस्त्रल नांवाचा कोरडा गार वारा सुटलेला, पाणी थंडगार. पाण्यांत शरीराची ऊब हवेंतल्यापेक्षां पंचवीसपट वेगानें जाते. त्या वेळीं ह्या शिकाऱ्यांजवळ रबरी पोशाख सहसा नसत. कोणी अंगाला चरबी फासत, पण ती धुऊन जाऊन मागें राहणारा तेलाचा पातळ थर थंडी कमी न करतां उलट वाढवितो, असा कूस्तोचाच अनुभव आहे. ओठ निळे पडेपर्यंत तासन्‌तास पोहावें, बुड्यांवर बुड्या माराव्यात, ओळखीची एकेक कपार वाकून पाहावी, आणि बाहेर येतांना हातांत काय, तर बोटभर लांबीचे रंगीत मासे! मग शेकोटीशीं अंग शेकतांना बोलणें कशाचें निघणार? जेथें माणसानें पाण्यांत अजून पाऊल टाकलेलें नाहीं, अशा किनाऱ्याचें.

बोलणें पुष्कळांनीं केलें. निघाला तो एक अठरा वर्षांचा मुलगा. व्हिएन्नाचा हान्स हास. १९३७ च्या उन्हाळ्यांत शाळेची शेवटची परीक्षा देऊन तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टीसाठीं आला होता. खडकावर बसला असतां त्याला पाण्यांत एक माणूस बुडी मारून भाल्यावर मासा घेऊन वर येतांना दिसला. तो माणूस म्हणजे आपला गिलपॅट्रिक. हास त्याचा शिष्य झाला. पुढच्याच वर्षीं मित्रांना घेऊन तो दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर गेला. ह्या वेळीं त्याच्याजवळ भाल्याबरोबर आणखी एक वस्तु होती: पाणी न शिरणाऱ्या पेटींत बसविलेला कॅमेरा.

त्या छायाचित्रांवर आणि व्याख्यानांवर त्यानें पैसे जमविले, आणि १९३९ च्या उन्हाळ्यांत, दोन विद्यार्थी मित्रांसह, वेस्ट इंडीजमधील कुरासाव ह्या डच बेटाकडे प्रयाण केलें. वडीलधाऱ्या माणसांनीं किती समजाविलें असेल ह्याची मला कल्पना आहे. वकिलीचा अभ्यास करणारा मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला मासे मारावयास निघाला, म्हणजे घरांत काय झालें असेल! स्वप्नांतला समुद्र त्यांना कुरासाव आणि बोनेर येथें खरोखर भेटला. प्रवाळांचीं अरण्यें, कधीं माणूस न पाहिलेले मासे, आणि शार्क. शार्क जवळ आला असतां हास घाबरून पाण्यांत ओरडला, आणि शार्क पळाला. पुढें कित्येक वर्षें तो ह्याच उपायावर विसंबून राहिला.

इकडे सप्टेंबरांत महायुद्ध पेटलें आणि ही सुट्टी हद्दपारीसारखी लांबली. अखेर १९४० सालीं अमेरिका, जपान आणि सैबेरिया असा पृथ्वीला वळसा घालून हीं मुलें घरीं पोंचलीं.

मी शिक्षक असल्यामुळें पुस्तकांचीं नांवें पाहण्याची मला खोड आहे. हासचें १९३९ चें पहिलें पुस्तक पाहावें, तर त्याचें नांव 'भाला आणि कॅमेरा घेऊन पाण्याखालील शिकार' अशा अर्थाचें आहे. १९४१ च्या पुस्तकाचें नांव 'प्रवाळांत आणि शार्कांत'. १९४२ च्या पुस्तकाच्या नांवांत शिकार पुन्हां येते, पण ती 'समुद्रतळावरील छायाचित्रांची शिकार' म्हणून. भाला कोठें गळून पडला तें ह्या तीन नांवांवरून दिसतें. हा बदल एखाद्या साक्षात्कारासारखा एका दिवसांत झाला असें मला वाटत नाहीं. ज्यानें दहा फुटांवरून मासा मारला आहे त्याला तितक्याच अंतरावरून चित्र घेतां येतें. बुडी तीच, दम तोच, जवळ जाण्याचें कसब तेंच. फरक इतकाच कीं चित्र घेतल्यावर मासा तेथेंच राहतो आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां भेटतो. कायदा सोडून हास प्राणिशास्त्राकडे वळला आणि १९४३ सालीं बर्लिनच्या विद्यापीठांतून डॉक्टर झाला. त्याच्या प्रबंधासाठीं लागलेले समुद्रतळावरचे सूक्ष्म जीव त्यानें स्वतः बुडी मारून गोळा केले होते.

कूस्तोचा मार्गहि असाच वळला, पण अधिक नागमोडी. १९४२ सालीं त्यानें 'अठरा मीटर खोलीवर' ह्या अर्थाच्या नांवाचा पहिला चित्रपट केला, तो द्यूमाच्या भाल्याच्या शिकारीचाच होता. १९४३ सालीं एमिल गान्यॉं ह्या इंजिनियरच्या साहाय्यानें त्यानें पाण्यांत मोकळेपणीं श्वास घेण्याचें यंत्र सिद्ध केलें. ह्या यंत्रामुळें समुद्राच्या अभ्यासाला मोठी मदत झाली. त्याच्या १९५६ च्या विख्यात चित्रपटाला कान येथें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. परंतु त्यांत त्याच्या जहाजावरचे लोक जखमी देवमाशाभोंवतीं जमलेल्या शार्कांना कुऱ्हाडींनीं मारतांना दिसतात. आज तो भाग पाहवत नाहीं. ज्या माणसानें पुढें साऱ्या जगाला समुद्राची काळजी वाहावयास शिकविलें, त्याच्याच चित्रपटांत हें आहे, हें इतिहास सांगणाऱ्यानें गाळूं नये.

हासचें पुढचें आयुष्य दूरच्या समुद्रांतच गेलें. युद्धाच्या अखेरीस त्याचें जहाज हातचें गेलें. १९४९ सालीं तो जवळजवळ रिकाम्या हातांनीं, एकटा, तांबड्या समुद्रावरील पोर्ट सुदान येथें गेला. तेथूनच निघालेल्या चित्रपटाला १९५१ सालीं व्हेनिस येथें पारितोषिक मिळालें. मग 'झारीफा' नांवाचें तीन डोलकाठ्यांचें जहाज त्यानें मिळविलें. तें घेऊन १९५३-५४ मध्यें तो गालापागोस बेटांपर्यंत गेला आणि १९५७-५८ मध्यें मालदीव व आपल्या निकोबार बेटांवर आला. ह्या सफरींत त्याच्या मंडळींना वाळूंत उभीं बिळें करून राहणाऱ्या वामीसारख्या माशांच्या वस्त्या दिसल्या. शेंकडोंनीं ते मासे बिळांतून अर्धें अंग वर काढून प्रवाहांत डुलत असतात, आणि माणूस जवळ आला कीं सगळे एकदम आंत सरकतात. क्षणांत तेथें नुसती वाळू उरते. मालदीव आणि निकोबार येथल्या ह्या माशांचें शास्त्रीय वर्णन १९५९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यांतील एका जातीला हासचें नांव दिलें गेलें. ज्याला भाला लागणें जवळजवळ अशक्य, अशा माशाला एका जुन्या भालेवाल्याचें नांव मिळालें! हास २०१३ सालीं, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन वारला.

आतां पुन्हां घरच्या किनाऱ्याकडे येऊं. तूलाँच्या पूर्वेस पोर-क्रो नांवाचें एक लहानसें बेट आहे. १९६३ सालीं फ्रेंच सरकारनें तें बेट आणि भोंवतालचा समुद्र मिळून राष्ट्रीय उद्यान केलें, आणि तेथें भाल्यानें मासे मारण्यास बंदी झाली. नुसत्या बेटानें भागण्यासारखें नव्हतें. म्हणून १९९३ सालीं फ्रान्सच्या मुख्य भूमीच्या सर्व भूमध्य किनाऱ्यावर मेरूला भाल्यानें मारण्याची मनाई करण्यांत आली, आणि ती पुढें वेळोवेळीं वाढविली गेली. पाणबुडे शास्त्रज्ञ ठराविक वर्षांनीं कपारी-कपारींतून हिंडून मेरूंची शिरगणति करतात. पोर-क्रोच्या आसपास ती संख्या गणतीगणिक वाढत गेली. मोठे नर दिसूं लागले. आणि जे मासे खोल गेले होते त्यांच्या जातीचे मासे उथळ पाण्यांत परत आले.

तेथें पोहून आलेल्यांच्या हकीकती मीं वाचल्या आहेत. संरक्षित पाण्यांत मेरू पूर्वींसारखा कपारीच्या दारांत येऊन माणसाकडे पाहत राहतो. संरक्षणाबाहेरच्या पाण्यांत तोच मासा दुरूनच वळतो. मासे माणसापासून किती अंतरावर पळूं लागतात हें शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या समुद्रांत मोजून पाहिलें आहे. जेथें भाले चालतात तेथें तें अंतर जास्त, आणि जेथें चालत नाहींत तेथें कमी. पाण्याखालीं कुंपण नाहीं, पाटी नाहीं. पोर-क्रोच्या मेरूसमोर बुडी मारून गेलेल्या माणसाला तो इतका जवळ येऊं देतो, कीं द्यूमाच्या काळचा अगदीं आंखूड भालासुद्धां सहज पोंचला असता.